केराबाईची कपाशी

केराबाईच्या आईची पहिली पोरं पाळण्यातच गेली. म्हणून ही जन्मली तेव्हा सुईणीनं तिला सुपात घातलं, दारापुढच्या केराच्या ढिगावर नेऊन ठेवलं आणि थोड्या वेळानं परत उचलून आणलं. देवानं यावं, बघावं, हा तर केर आहे, हा नेऊन काय करायचा असं म्हणावं आणि पुढच्या घरी जावं, एवढाच त्यातला डाव. देव फसला की त्यानं फसल्यासारखं केलं, कोण जाणे. पोरगी मात्र जगली. आणि आपण देवाला बनवलं हे तिला पाळण्यातच कळलं असावं, कारण तेव्हापासून ती हसत होती.

हसू हा तिचा आजारच होता म्हणा ना. ते कधी येईल याला धरबंध नव्हता आणि आलं की जायचं नाव घेत नव्हतं. सोलापुरात गिरणीच्या रिळ खात्यात ती कामाला लागली आणि आठवड्याच्या आत तिथला जॉबर, म्हणजे मुकादम, पाय घसरून सुताच्या टोपलीत बसला. बाकीच्या बायांनी शहाणपणानं तोंडाला पदर लावला. केराबाई खाली बसून हसली, उठून हसली, दुपारच्या भाकरीचा ठसका लागेपर्यंत हसली. जॉबरनं तिला दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी ती तोंड गंभीर करून आली, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि आपली आपणच परत घरी गेली.

हे हसू एकदाच बंद पडलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा मानमोडीच्या तापाची साथ आली आणि सांगोल्याकडच्या त्यांच्या वस्तीतल्या निम्म्या चुली विझवून गेली. त्यात केराबाईचा नवरा गेला. मागून दुष्काळ आला, त्यात मेंढरं गेली. उरल्या दोघी, ती आणि तिची सासू फुलाबाई. फुलाबाईनं देव्हाऱ्यातला बिरोबाचा टाक पदरात बांधला, सुनेचा हात धरला आणि गिरण्यांची धुराडी दिसेपर्यंत चालत राहिली. सोलापुरात आल्यावर वर्षभर, म्हणजे गिरणीत लागायच्या आधी, सून हसली नाही. म्हातारी लोकर कातायची आणि तिच्या तोंडाकडं बघायची. मग एक दिवस म्हातारीच्या डोक्यावर शेजारची कोंबडी येऊन बसली ती उठेचना, आणि केराबाईला हसू फुटलं. फुलाबाईनं कोंबडीला हात लावला नाही. म्हणाली, "हस बाई. घरात एकानं तरी हसाय पायजे." तेव्हापासून त्या दोघींत सासू कोण आणि सून कोण, हे फक्त भांडताना कळायचं.

घर म्हणजे गिरणीच्या मागच्या वस्तीतली धाब्याची एक खोली आणि तिच्यामागं तेवढंच परसू. परसात धुण्याचा दगड आणि भोवती मुरमाड पांढरी जमीन. शेजारी चंद्रव्वा राहायची. ती अक्कलकोटकडची, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलायची, आणि दोन्ही मिळून गप्प अशी कधीच बसायची नाही.

या परसात सिद्धाप्पा आला तो लेंड्या मागत आला. लग्नं कशाकशावरून जुळतात. कुणाचं शेतावरून, कुणाचं सोन्यावरून. यांचं लेंड्यांवरून जुळलं. सिद्धाप्पा सात रस्त्याकडं एका साहेबाच्या बंगल्यात माळी होता. जातीनं यांच्यासारखाच धनगर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. साहेबाच्या गुलाबांना लेंडीखत पाहिजे होतं, आणि फुलाबाईच्या भावाची मेंढरं सुगीनंतर कुंभारीच्या शिवारात बसायला येतात हे त्याला बाजारात कळलं होतं. त्यानं पहिलं पोतं नेलं, मग दुसरं नेलं, मग दर आठवड्याला येऊ लागला. यायचा, उंबऱ्याबाहेर टेकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि "येतो" म्हणायचा. दिवसाला दोनतीन शब्द बोलायचे आणि त्यातला एखादा उरला तर उद्याला ठेवायचा, असा माणूस. एवढ्या खतानं साहेबाचे गुलाब जळाले कसे नाहीत, याचं चंद्रव्वाला नवल वाटायचं. जळाले असतीलही. सिद्धाप्पा थोडाच सांगणार होता?

त्याचं ते न बोलणं बघून केराबाईला हसू यायचं. ती आत चुलीपाशी बसून हसायची आणि तो बाहेर कान देऊन पाणी प्यायचा. तांब्या रिकामा झाला तरी प्यायचा.

शिमग्याच्या सुमाराला एकदा त्यानं जाता जाता तिच्या हातात एक काठी दिली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, पानाचा पत्ता नाही. "लाव," म्हणाला आणि गेला. केराबाईनं ती काठी उलटीपालटी करून बघितली. माणसं बायकांना बांगड्या देतात, चोळीचा खण देतात. यानं सरपण दिलं, या विचारानं ती दारातच बसून हसायला लागली. काठी हातातून कधी पडली तिला कळलं नाही. फुलाबाईनं ती उचलली आणि सरपणच समजून चुलीत सारली. मग मात्र केराबाई अशी धावली की म्हाताऱ्या सासूला वाटलं घर पेटलं. एक टोक धुरकटलं होतं तेवढं तिनं विळ्यानं उडवलं, मुरूम उकरून त्यात ओंजळभर लेंड्या घातल्या आणि काठी धुण्याच्या दगडाशेजारी खोचून टाकली. तिथं पाणी आपोआप मिळणार होतं.

पुढं सोलापूरचा उन्हाळा आला. त्या उन्हात दगडाला घाम फुटतो, तिथं काठीची काय कथा. केराबाई गिरणीला जाताना काठीवर ओलं पोतं टाकून जायची आणि आल्यावर पहिल्यांदा पोतं उचलून बघायची. चैत्रात काठीच्या अंगावर हिरवी पुटकुळी आली. आखाड लागेपर्यंत झाड तिच्या खांद्याला लागलं. पानं तळहाताहून मोठी, पाच टोकांची, हात लावला तर मऊ लव लागणारी. आता ज्या गावात माणूस कापसात जन्मतो, कापसात राबतो आणि कापूस नाकात जाऊन मरतो, त्या गावाला असलं पान बघून दुसरं काय सुचणार? गल्लीनं एकमतानं ठरवलं की ही कपाशी आहे. दिवसभर गिरणीत कापूस पुरत नाही म्हणून केराबाईनं दारात लावली, असं म्हणून बाया लोळायच्या. रिळ खात्यातल्या बायांवर देखरेख करणारी नायकीण दगडाबाई, जिच्या आवाजापुढं भोंगा बारीक वाटायचा, ती मुद्दाम झाड बघायला आली आणि रुई निघाली की आधी माझ्या रिळावर दे, असं बजावून गेली. या चेष्टेत सगळ्यात मोठ्यानं हसायची ती केराबाईच.

फूल कसलं येतं, असं तिनं सिद्धाप्पाला एकदा विचारलं होतं. त्यानं झाडाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, "बघशील" एवढं म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला. यात लाजण्यासारखं काय आहे हे काही तिला कळलं नाही.

पंचमीला चंद्रव्वा लाह्यांची वाटी घेऊन आली, आणि वाटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, की सिद्धाप्पा पाटाला विचारतोय. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. धनगरांत त्याला कुणाची ना नसते. केराबाईला आधी हसूच आलं. माणूस वर्षभर पाणी पितो आणि बोलायची वेळ आली की शेजारणीला पाठवतो. चंद्रव्वा रागावली. मग केराबाईचं हसू मध्येच अडकलं, कारण फुलाबाईच्या हातातला लोकरीचा धागा तुटला होता आणि ती तो जोडत नव्हती.

गोष्ट सरळ होती आणि सरळ होती म्हणूनच अवघड होती. पाट लागला की बाई पहिल्या घरची राहत नाही. नवऱ्याचं नाव गेलं, त्याच्या आईचं नातं गेलं. फुलाबाईला पोटचं दुसरं कुणी नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, लोकर कातायची ती बोटांच्या अंदाजानं. तिला असं टाकून जायचं? आणि न जावं, तर... केराबाईला सिद्धाप्पा हवा होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, पण आठवड्याचा तो एक दिवस उजाडला की ती भाकरी करपवायची, यावरून ज्याला समजायचं त्याला समजत होतं. तिनं सासूला विचारलं. फुलाबाई तुटलेल्या धाग्याकडं बघत म्हणाली, "मी काय सांगू? देवाला इचार."

देवाला विचारायची त्यांच्यात रीत होती. बिरोबाच्या देवळात पुजारी पानाच्या दोन पुड्या बांधायचा, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं. देवापुढं ठेवून एक उचलायची. पांढरं निघालं तर देव हो म्हणाला, तांबडं निघालं तर नाही. पण देऊळ राहिलं तिकडं सांगोल्याच्या माळावर आणि गिरणी कुणाला देवाशी बोलायला रजा देत नव्हती. तेव्हा केराबाईच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. परसात झाड होतं. त्याला फूल कसलं येणार हे तिला ठाऊक नव्हतं, सासूला नव्हतं, गल्लीत कुणालाच नव्हतं. म्हणजे देवानं पुडी आधीच बांधून दारात आणून ठेवली होती की. ती न्हाली, टाकापुढं बसली आणि चंद्रव्वाच्या साक्षीनं मोठ्यानं म्हणाली, "बिरोबा, झाडाच्या पोटात काय हाय त्ये तुलाच ठावं. पैलं फूल पांढरं आलं तर मी जातीया. तांबडं आलं तर हितंच ऱ्हातीया. मागनं रडायची न्हाय."

सिद्धाप्पाला तिनं फक्त दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. त्यानं मान हलवली. आपण दिलेल्या काठीवर आपलंच नशीब टांगलंय हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

त्या दिवसापासून केराबाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. मनातून कुठलाच रंग मागायचा नाही, देवाला भीड घालायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण तिला मिरची कुटवेना. चंद्रव्वा तांबडं लुगडं नेसून आली तर ती तोंड फिरवायची. भादव्यात झाडाच्या शेंड्यांवर पांढरी लोकरीसारखी कीड पडली, तर पांढरं दिसलं म्हणून ही दोन दिवस नुसती हरखून बघत बसली. पानं आक्रसायला लागली तेव्हा शुद्धीवर आली, आणि मग राख चोळून, पाण्यानं धुऊन एकेक फांदी तिनं तान्ह्या पोरासारखी पुसून काढली.

त्याच दिवसांत फुलाबाईनं आणखी एक वेड घेतलं. आठवड्यातून एकदोनदा अंघोळ करणारी म्हातारी रोज अंघोळ करायला लागली. ते पण मोरीत नाही, तर धुण्याच्या दगडावर, झाडाला पाणी जाईल असं बसून. चंद्रव्वानं विचारलं तर म्हणाली, अंग खाजतंय. केराबाई आपल्याच नादात होती, तिनं त्याचा काही अर्थ लावला नाही.

घट बसले तेव्हा झाडाला हिरव्या गाठी दिसल्या. अगदी बोंडं. आम्ही म्हणत होतो ना, असं गल्लीनं लगेच म्हणून घेतलं. दसरा गेला, कोजागिरी गेली. सगळ्यात मोठी गाठ फुगत होती, पण हिरव्याच्या आत काय आहे याचा थांग लागू देत नव्हती. केराबाई रोज पहाटे चिमणी घेऊन तिच्यापाशी उभी राहायची आणि गाठ उकलून बघायचा मोह हात मागं बांधून आवरायची.

आणि एका सकाळी, पहिला भोंगा व्हायच्या सुमाराला, ती परसात गेली आणि फूल उमललेलं होतं. वाटीएवढं, दुहेरी तिहेरी पाकळ्यांचं, आणि पांढरं. नुसतं पांढरं नाही, धोब्याकडून आलेल्या धोतरासारखं पांढरंशुभ्र. केराबाई तिथंच खाली बसली. मग तिचं हसू सुरू झालं. फुलाबाई चाचपडत आली, फुलावर अगदी नाक टेकेपर्यंत वाकली आणि म्हणाली, "पांढरं हाय." आणि ती झाडापाशीच लोकर कातायला बसली. फुलाला कुणी हात लावू नये म्हणून आज मी इथून हलणार नाही, असं तिनं सांगितलं. देवाचं फूल होतं ते, कोण पूजेला खुडून नेईल याचा काय नेम.

केराबाई गिरणीत गेली ती चालत गेली की उडत गेली, तिचं तिला आठवत नव्हतं. खात्यात पाऊल टाकताच तिनं शेजारणीला सांगितलं, आणि रिळं फिरायच्या आत सगळ्या खात्याला कळलं. दगडाबाईनं यंत्रांच्या वर आवाज काढून जाहीर केलं की देवानं होकार दिला, आज सुटल्यावर सगळ्यांनी फूल बघायला जायचं. त्या दिवशी केराबाईनं इतकं सूत तोडलं की जॉबर दोनदा येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा तिला हसू आलं, पण आज तिनं त्यालाही आमंत्रण दिलं. तिकडं चंद्रव्वा तर सकाळीच सात रस्त्याला पोचली होती. सिद्धाप्पा गुलाबांना आळी करत होता. होकार आलाय, सांजेला ये, एवढं ऐकून त्यानं खुरपं खाली ठेवलं, मग उचललं, मग परत खाली ठेवलं.

संध्याकाळी गिरणी सुटली आणि बायांचा लोंढा फाटकातून निघाला तो वाटेत गूळ-चुरमुरे घेत, गाणी म्हणत, हातावर टाळ्या देत केराबाईच्या दारात आला. केराबाई सगळ्यांच्या पुढं. ती खोलीतून सरळ मागच्या दाराशी गेली, हात पुढं करून "बगा" म्हणाली आणि तिनं स्वतः बघितलं.

झाडावर फूल होतं. तेच, त्याच फांदीवर, तेवढंच. आणि ते तांबडं होतं. कुंकवासारखं तांबडं.

गाणं बंद पडलं. मागच्या बाया काय झालं म्हणून पुढं रेटत होत्या, पुढच्या जागच्या हलत नव्हत्या. कुणी तरी हळूच म्हणालं, की सकाळी हिच्या डोळ्यांत झोप असेल. चंद्रव्वा कडाडली, मी माझ्या डोळ्यांनी पांढरं बघितलंय. मग उरलं काय? दगडाबाईची नजर म्हातारीवर गेली, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांची. दिवसभर इथं दुसरं कोण होतं? सून गेली तर उघडं कोण पडणार होतं? दगडाबाई म्हणाली, "म्हातारे, फूल कुणी बदाललं?"

मागनं रडायची नाही असं केराबाई देवाला म्हणून बसली होती, म्हणून ती रडत नव्हती एवढंच. पण हा प्रश्न ऐकला आणि ती वळली. आत्या असलं करायच्या नाहीत, असं तिनं दगडाबाईला तोंडावर सांगितलं. नायकिणीला तोंडावर काही सांगणारी ती रिळ खात्यातली पहिलीच बाई असावी. तांबडं तर तांबडं, देवानं दिलंय, मी राहते, पण माझ्या सासूला चोर म्हणायचं नाही.

फुलाबाई मात्र चिडली नाही, गोंधळली होती. ती म्हणाली, "मी हलली न्हाय ग. दुपारी मला जरा गुलाबी दिसलं. मला वाटलं, आता माझं डोळं गेलं. मग तांबडं दिसाय लागलं. मी भिऊन गप बसली."

अशा वेळी सिद्धाप्पा आला. नवं मुंडासं, तेलानं चपचपीत केस, हातात पेढ्यांचा पुडा. आत बायांची एवढी गर्दी बघून तो परत फिरणारच होता, पण चंद्रव्वानं त्याला मनगट धरून झाडापुढं आणला आणि सकाळपासूनचं सगळं एका दमात सांगितलं. पंचमीचा नवस सांगितला, पांढरं सांगितलं, तांबडं सांगितलं, आणि तुझा पाट मोडला हेही सांगितलं. सिद्धाप्पा ऐकत राहिला. मग त्यानं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. ते असं होतं. "ह्ये फूल असंच असतंय की. सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, सांजेला तांबडं. रंग बदालतंय. त्यासाठीच आणलं हुतं. केराबाईनं बघावं नि हसावं म्हणून."

जाणती माणसं त्या झाडाला स्थळकमळ म्हणतात, हे पुढं कुणी तरी सांगितलं. त्या घटकेला परसात कुणाला नावाची पडली नव्हती. बाया फुलाकडं वाकून वाकून बघायला लागल्या. म्हातारीवरचा आळ गेला, दगडाबाईनं तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटून तिच्या हातात मूठभर चुरमुरे कोंबले. आणि मग खरा घोळ सुरू झाला. देव म्हणाला काय? हो म्हणाला की नाही म्हणाला? अर्ध्या बाया म्हणाल्या, उमलताना जो रंग तो खरा. अर्ध्या म्हणाल्या, छे, शेवटचा शब्द तो खरा, सकाळी माणूस काहीही बोलतो. एकीनं दुपारचं गुलाबी काढलं. म्हणजे देवाचं मत अजून पक्कं नाही, दिवाळीनंतर परत विचारा. हातवारे सुरू झाले, चुरमुरे सांडले. सिद्धाप्पाची मान खाली जात जात हनुवटी छातीला टेकली. तो केराबाईला हळूच म्हणाला, "मला म्हाईत असतं तर कण्हेर दिली असती. पांढरी."

केराबाईनं त्याच्याकडं बघितलं. हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला धडपडत होती. तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं की देव काहीही म्हणो, हा माणूस परत लेंड्या न्यायला आला नाही तर आपण जगू, भाकरी खाऊ, रिळं फिरवू, पण सुखानं नाही. आणि तेवढ्यात तिला सासू दिसली, दगडाला धरून उठणारी.

फुलाबाई झाडापाशी गेली. बोटांनी चाचपून फूल शोधलं आणि खुडलं.

"तुमी समद्या सकाळचं धरायचं का सांजचं म्हणून भांडताया," ती म्हणाली. "देवानं दोनी दावल्यात. पांढऱ्या कपाळाची बाई सकाळी घरातनं निगाली, सांजेला कुकवाची झाली. ह्यात नकार कुटं हाय?"

आणि तिनं ते तांबडं फूल केराबाईच्या अंबाड्यात खोवलं. नवरा गेल्यापासून त्या केसांत फूल गेलं नव्हतं, आणि जायचं नसतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. खोवणारी तर त्याच नवऱ्याची आई होती. म्हातारीनं अंबाडा बोटांनी चाचपला, आणि फूल नीट बसायला दोनदा खोवावं लागलं. हा अर्थ तिला खरोखर दिसला की तिनं तो उभ्याउभ्या लोकरीसारखा कातून काढला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दगडाबाईनंच आधी डोळ्यांना पदर लावला. आणि झाडाला फूल यावं म्हणूनच म्हातारी रोज त्याच्या मुळाशी न्हात होती, हे केराबाईला आता कळलं.

केराबाई तिच्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाली, "आत्या, आणि तुमी?"

"माझा ल्योक गेला तवा वाटलं, माझं समदं गेलं. तू ऱ्हायलीस," फुलाबाई म्हणाली. "आता तुजं बरं झालं तर माझंबी कायतरी ऱ्हायलं, असं हुईल की. जा बाई. त्यो बग, पेढं घामानं भिजाय लागल्यात."

पेढे खरोखरच भिजले होते. ते तसेच वाटले गेले, आणि पुड्याचा कागदही काहींच्या तोंडात गेला. जॉबर उशिरा आला, त्याला काही उरलं नव्हतं, तर त्याला पाचसहा बायांनी मिळून फुलाची गोष्ट एकदमच सांगितली आणि तो काहीही न समजता हसत घरी गेला.

तुळशीचं लग्न झालं आणि मग पाट लागला. दिवेलागण झाल्यावर, चार माणसांत, जसा लावायचा तसा. सिद्धाप्पाकडची माणसं आली होती. बाईकडचं कोण, असं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं. केराबाईचे आईबाप कधीच गेले होते, भाऊ नव्हता. फुलाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "मी हाय की." विचारणारा घुटमळला, पहिल्या नवऱ्याची आई मुलीकडची कशी धरायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण फुलाबाईनं त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. तिनं केराबाईची ओटी भरली, तिचा हात सिद्धाप्पाच्या हातात दिला आणि मग भिंतीशी बसून मोठ्यानं, हंबरडा फोडून, गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. दुसऱ्याच सकाळी ती आपलं गाठोडं उचलून त्या दोघांच्या मागोमाग माळ्याच्या खोलीत राहायला गेली, ती गोष्ट वेगळी. लेक दिली की आईनं रडायचं असतं, आणि ते रडणं तिनं कुणासाठी सोडलं नसतं.